भूल किती द्यायची?

(बजाजनगर येथील एका स्मृती व्याख्यानमालेत भूलतज्ज्ञ वक्त्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला होते, त्यांच्या मुलांनीच यंदाचा विषय सुचवला. वडिलांना अखेरची काही वर्षं कंपवात होता. मेंदूत तार बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार झाला होता, आणि घरातली चर्चा प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी येऊन अडायची. डोक्याला भोक पाडताना माणसाला जागं ठेवतात म्हणे, हे खरं का? आणि खरं असेल तर तुम्ही भूलतज्ज्ञ मंडळी तिथे करता काय? दुसरा प्रश्न त्यांनी जरा बिचकतच विचारला. मला तो आवडला. आज मी त्याचंच उत्तर द्यायला आले आहे.

हा विषय बजाजनगरला परका नाही. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला. तेव्हा विशी-पंचविशीत गावाकडून येऊन लाइनवर उभी राहिलेली मुलं आज साठी ओलांडलेली माणसं आहेत. कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा आजार, बहुतेकांना साठीच्या आसपास गाठतो. म्हणजे ही वसाहत आता त्या वयात शिरली आहे.

आजाराबद्दल थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरात तो माझ्या सांगण्याआधीच पोचलेला असेल. मेंदूच्या बुडाशी काळसर पेशींचा एक पट्टा असतो. तिथे डोपामीन नावाचं रसायन तयार होतं. या पेशी झडत गेल्या की हात थरथरतो, अंग ताठरतं, चाल बारीक होते, चेहऱ्यावरचे भाव मावळतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर एक छोटं पुस्तक लिहिलं, म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं. १९६० च्या दशकात लेव्होडोपा हे औषध आलं. आपल्याकडे ‘सिंडोपा’ म्हणतात तीच गोळी. पहिली काही वर्षं ती फार सुरेख लागू पडते. पुढे पुढे दोन गोळ्यांमधला चांगला वेळ आखडत जातो. गोळी चढली की अंग नको तितकं वळवळतं, उतरली की माणूस खुर्चीला खिळतो. सगळं घर घड्याळावर चालायला लागतं. पुण्याच्या पार्किन्सन मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. त्यातल्या कुठल्याही शुभंकराला विचारा, सकाळी सहाच्या गोळीपासून रात्रीच्या गोळीपर्यंतचं वेळापत्रक तोंडपाठ असतं.

या टप्प्यावर मेंदूच्या खोल भागात विजेची बारीक तार बसवण्याचा पर्याय पुढे येतो. डॉक्टर त्याला डीबीएस म्हणतात. तार सव्वा मिलिमीटर जाडीची. तिचं टोक सबथॅलॅमिक केंद्रक नावाच्या भागात ठेवायचं. हा भाग जेमतेम सेंटिमीटरभर लांब, आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकेक. तारेचं दुसरं टोक कातडीखालून मानेवरून छातीपर्यंत आणून गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेल्या बॅटरीला जोडायचं. बॅटरी साधारणपणे सेकंदाला १३० वेळा विजेचा सूक्ष्म ठोका देते. आजार यानं बरा होत नाही, स्मरणशक्ती परत येत नाही, तोल सावरायलाही फारशी मदत होत नाही. पण गोळीनं जे सुधारत होतं ते सुधारतं, आणि दिवसभर टिकतं. ज्याला गोळी कधी लागूच पडली नाही त्याला तारेचाही उपयोग होत नाही.

इथे वेल्डिंग करणारी मंडळी बसली आहेत म्हणून एक गोष्ट मध्येच सांगून टाकते. मँगनीजचा धूर किंवा धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर पार्किन्सनसारखाच दिसणारा आजार होतो. ग्लासगोच्या जॉन कूपर यांनी १८३७ साली मँगनीज दळणाऱ्या कामगारांमध्ये तो पहिल्यांदा नोंदवला. त्या आजारात गोळीचा गुण फारसा येत नाही, म्हणून तारही बसवत नाहीत. तपासणीच्या वेळी आयुष्यभर कुठल्या खात्यात काम केलं हे न्यूरॉलॉजिस्टला आवर्जून सांगा. तो विचारेलच असं नाही.

आता जागं ठेवण्याकडे येते.

१९८७ साल, फ्रान्समधलं ग्रनोबल शहर. आलिम-लुई बेनाबिद नावाचे न्यूरोसर्जन कंप थांबवण्यासाठी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या भागातला एक बारीक ठिपका जाळून टाकण्याची तेव्हाची प्रचलित शस्त्रक्रिया करत होते. जाळलेलं परत येत नाही, म्हणून जाळण्याआधी त्या जागी सुईतून वीज सोडून खात्री करून घेत. हात आखडला किंवा मुंग्या आल्या तर सुई चुकीच्या जागी आहे असं समजायचं. बेनाबिदांनी विजेची वारंवारता वाढवत नेली. सेकंदाला शंभराच्या आसपास गेल्यावर रुग्णाची थरथर थांबली. वीज बंद केली, थरथर पुन्हा सुरू झाली. म्हणजे जाळायची गरजच नव्हती, वीज चालू ठेवली तरी भागत होतं. डीबीएसचा जन्म इथे झाला. तो रुग्ण झोपलेला असता तर थरथर आधीच बंद असती, कारण कंप झोपेत थांबतो, आणि बेनाबिदांना काहीच दिसलं नसतं.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. मॅलन डीलाँग आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये माकडांवरच्या प्रयोगातून दाखवलं की पार्किन्सनमध्ये सबथॅलॅमिक केंद्रक गरजेपेक्षा जास्त खवळलेलं असतं आणि ते गप्प केलं तर लक्षणं कमी होतात. १९९३ मध्ये ग्रनोबलच्या चमूनं तार तिथे नेली. बेनाबिद आणि डीलाँग दोघांना २०१४ साली लास्कर पारितोषिक मिळालं.

भारतात डोक्याला धातूची चौकट लावून मेंदूच्या खोल भागातल्या शस्त्रक्रिया त्याआधीपासून होत होत्या. मद्रासला राममूर्ती, बालसुब्रमण्यम आणि कल्याणरामन यांनी १९६० च्या दशकात हे काम नावारूपाला आणलं. मग लेव्होडोपा आलं आणि कंपवातासाठी ऑपरेशन थिएटरकडे वळणारी वाट जवळजवळ बंद पडली. ती पुन्हा उघडली तार आल्यावर. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस डीबीएस सुरू केलं. देशात हे काम रुजवणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव पहिल्या ओळीत आहे. मराठवाड्यातला रुग्ण आजही या शस्त्रक्रियेसाठी बहुधा मुंबई किंवा पुण्याचा रस्ता धरतो.

आता तुम्हाला थिएटरमध्ये नेते. नेहमीच्या शस्त्रक्रियेच्या उलट सगळं सुरू होतं. पार्किन्सनची गोळी आदल्या रात्रीपासून बंद. कंप आणि ताठरपणा पूर्ण दिसायला हवा, कारण तार बरोबर जागी पोचली की नाही हे त्यांच्यावरूनच कळणार असतं. म्हणजे सकाळी माझ्यासमोर जो माणूस येतो तो त्याच्या आजाराच्या सर्वांत वाईट अवस्थेत असतो. पाठ लाकडासारखी, पायाची बोटं वळून दुखत असतात, लाळ गिळता येत नाही, आवाज पुटपुटण्याइतका. लोकांना ड्रिलची भीती वाटते. रुग्णांशी बोलल्यावर कळतं की ड्रिलचा आवाज ते विसरतात. त्या दिवसाची आठवण म्हणून सांगतात ती बिनगोळीची सकाळ.

मग डोक्याला धातूची चौकट बसते. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९४९ मध्ये मांडलेली रचना, आजही थोड्याफार फरकानं तीच. चार स्क्रू कवटीच्या हाडाला टेकवून घट्ट करायचे. इथे माझं पहिलं काम येतं. भुवईच्या वर, कानासमोर, कानामागे आणि मानेच्या वरच्या बाजूला ज्या नसा डोक्याच्या कातडीला संवेदना देतात, त्यांच्याभोवती जागा बधिर करणारं औषध टोचायचं. ही इंजेक्शनं झोंबतात, हे मी लपवत नाही, आधीच सांगते. नीट दिली तर पुढचे कित्येक तास डोक्याची कातडी आणि हाडाचं आवरण बधिर राहतं. मेंदूला तर दुखण्याची जाणीवच नसते. विश्वास बसायला कठीण गोष्ट आहे ही, पण जगातल्या प्रत्येक दुखण्याची खबर घेणारा हा अवयव स्वतःवर सुई चालली तरी कुरकुर करत नाही. त्यामुळे वेदना हा या शस्त्रक्रियेतला मोठा प्रश्न राहत नाही. मोठा प्रश्न असतो चार-सहा तास चौकटीत अडकलेल्या, ताठरलेल्या, घाबरलेल्या माणसाचा.

तुम्ही म्हणाल, मग द्या की थोडी गुंगी. तिथेच माझी कसरत सुरू होते.

आमच्या हाताशी सगळ्यात सवयीचं औषध प्रोपोफॉल. दुधासारखं पांढरं, शिरेतून दिलं की अर्ध्या-पाऊण मिनिटात डोळे मिटतात, थांबवलं की काही मिनिटांत उघडतात. दुसरं मिडॅझोलॅम, भीती घालवणारं. ही दोन्ही औषधं मेंदूतली ‘गाबा’ नावाची ब्रेक लावणारी यंत्रणा जोरात चालवतात. सर्जनला जे शोधायचं असतं ते नेमकं यांच्यामुळे झाकलं जातं. कंप थांबतो, हात सैल पडतो, आणि ज्या पेशींचा आवाज ऐकून जागा ओळखायची त्या पेशीही शांत होतात.

आवाज खरोखर ऐकतात. केसापेक्षा बारीक टोकाची सुई अर्ध्या-एक मिलिमीटरच्या टप्प्यानं खाली उतरत जाते आणि पेशींची वीज लाऊडस्पीकरवर येते. वरच्या भागात तुरळक टकटक. मग थोडा वेळ जवळजवळ शांतता. आणि सुई सबथॅलॅमिक केंद्रकात शिरली की पत्र्याच्या छपरावर एकदम पावसाची सर कोसळावी तसा दाट, अनियमित आवाज थिएटरभर होतो. खोलीतले सगळे त्याच आवाजाची वाट बघत असतात. माझ्या सिरिंजमधून दोन मिलिलिटर औषध जास्त गेलं असेल तर ती सर येत नाही, आणि सर्जन माझ्याकडे बघतो.

या अडचणीतून थोडी वाट काढून दिली डेक्समेडेटोमिडीन या औषधानं. मूळ संशोधन फिनलंडचं, अमेरिकेत १९९९ साली आयसीयूतल्या रुग्णांना शांत ठेवण्यासाठी मान्यता मिळाली. ते गाबाच्या वाटेनं जात नाही. मेंदूच्या खोडात जाग ताब्यात ठेवणारा एक छोटा ठिपका असतो, त्यालाच ते मवाळ करतं. त्यामुळे येणारी झोप नैसर्गिक झोपेच्या जवळची असते, हाक मारली की माणूस उठतो, बोलतो, हात उचलतो, आणि सोडलं की पुन्हा डुलकी घेतो. श्वासही सहसा मंदावत नाही. मात्रा अगदी कमी ठेवावी लागते, ताशी किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅमच्या आत. त्यापुढे गेलं की पेशींचा आवाज पुसट व्हायला लागतो, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. वयस्कर रुग्णात तर मी त्याहून खाली राहते, आणि चाचणीच्या बऱ्याच आधी ते बंद करते.

बाकीचं काम औषधाविना. गुडघ्यांखाली उशी, ओठांवर ओला बोळा, लघवीची सोय, कंबरेखाली हात घालून जरा बाजू बदलून देणं. चेहऱ्यासमोर पारदर्शक पडदा, म्हणजे त्याला माझं तोंड दिसतं आणि मला त्याचं. ड्रिल सुरू होण्याआधी आवाज किती मोठा असेल आणि किती वेळ चालेल हे सांगायचं. न सांगता सुरू केलं तर रक्तदाब झपकन चढतो, आणि या शस्त्रक्रियेत चढलेला रक्तदाब धोक्याचा, कारण सुई मेंदूतून चालली आहे. शंभरात एक-दोघांना मेंदूत रक्तस्राव होण्याची शक्यता असते, म्हणून वरचा आकडा १४० च्या आत ठेवायची आमची धडपड. त्यातही रक्तदाबाची काही औषधं, बीटा ब्लॉकर जातीची, स्वतःच थरथर कमी करतात. तीही जपूनच वापरायची.

एक प्रसंग सांगते. रुग्ण याच औद्योगिक वसाहतीतले निवृत्त फिटर होते, शस्त्रक्रिया दुसऱ्या शहरात झाली. तार जागी पोचली होती आणि आता वीज सोडून तपासायचं होतं. हात सैल झाला का, थरथर थांबली का, हे न्यूरॉलॉजिस्ट बघतो. मी जिभेकडे आणि चेहऱ्याकडे लक्ष ठेवते. सबथॅलॅमिक केंद्रकाच्या बाहेरच्या अंगाला हातापायांना आणि जिभेला हुकूम नेणारे तंतू आहेत. वीज तिकडे सांडली की तोंड वाकडं होतं, बोबडी वळते. मागच्या अंगाला सांडली तर हाताला मुंग्या, आतल्या अंगाला सांडली तर डोळा फिरतो. एक-दोन मिलिमीटरचा हिशेब आहे हा सगळा. वाचा तपासायला आम्ही वार किंवा महिने म्हणायला लावतो. हे गृहस्थ म्हणाले, ‘मॅडम, वार लहान पोरं म्हणतात. मी आमच्या कंपनीच्या बसचे थांबे सांगतो.’ आणि सुरू झाले, बाबा पेट्रोल पंप, छावणी, नगर नाका, गोलवाडी, ए. एस. क्लब, पंढरपूर. पहिल्या फेरीत आवाज पुटपुटता. वीज हळूहळू वाढवली, उजव्या हाताची थरथर थांबली, बसची दुसरी फेरी खणखणीत निघाली. आणखी वाढवली, तेव्हा गोलवाडीवर जीभ अडखळली आणि ए. एस. क्लब नीट उच्चारता येईना. सर्जननं आकडा लिहून घेतला. गुण कुठे सुरू होतो आणि त्रास कुठे सुरू होतो, या दोन आकड्यांत पुरेसं अंतर होतं, म्हणून तार तिथेच पक्की केली. नंतर दुसरी बाजू. तोवर ते दमले होते, पुन्हा थोडं डेक्समेडेटोमिडीन सुरू केलं आणि ते घोरायला लागले.

घोरणं मात्र मला आवडत नाही. चौकटीची पुढची कडी तोंडासमोर येते, श्वास अडला तर मास्क नीट बसत नाही, मान वळवता येत नाही. म्हणून चौकट उघडायची चावी थिएटरमध्ये कुठे टांगली आहे हे मी सुरुवातीलाच बघून ठेवते. पार्किन्सनच्या रुग्णाचा गळा आधीच कमजोर असतो, लाळ श्वासनलिकेत उतरू शकते. गुंगी थोडी जास्त झाली की या माणसाला वाचवणं साध्या शस्त्रक्रियेतल्या रुग्णापेक्षा अवघड जातं.

श्वासावर नजर ठेवण्याच्या या धड्याला आपल्या भागाचा एक जुना धागा आहे. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता तेव्हाची गोष्ट. क्लोरोफॉर्मनं माणसं टेबलावरच दगावत, ती हृदय थांबून की श्वास थांबून, यावर इंग्लंडमध्ये मोठा वाद चालू होता. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांनी १८८८ मध्ये आणि पुन्हा १८८९ मध्ये यावर आयोग बसवले, सहावे निजाम महबूब अली खान यांनी पैसा पुरवला, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या वतीनं लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. निष्कर्ष असा की श्वास आधी थांबतो, म्हणून नाडीपेक्षा श्वासाकडे बघा. पुढे १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही यांनी दाखवलं की क्लोरोफॉर्म हृदयही एकाएकी बंद पाडू शकतं, म्हणजे हैदराबादचा निष्कर्ष अर्धाच खरा होता. पण श्वासाकडे बघण्याची सवय मात्र टिकली. त्या कामात डॉ. रूपाबाई फर्दूनजी नावाची पारशी तरुणी होती. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये तिची गणना होते. आमच्या क्षेत्रात तिचं नाव फार उशिरा घेतलं जाऊ लागलं. ज्या राज्याची ती, त्याच राज्यातल्या या जिल्ह्यात तरी ते माहीत असायला हवं.

आता जागं ठेवण्याच्या कौतुकाबद्दल दोन शब्द, आणि ते काहींना रुचणार नाहीत. २०१७ मध्ये बंगळुरूत एका तरुणानं मेंदूवर शस्त्रक्रिया चालू असताना गिटार वाजवली. त्याची बोटं फक्त गिटार वाजवतानाच आखडत, म्हणून ती वाजवून बघितल्याशिवाय जागा कळणारच नव्हती. तिथे तार नव्हती, उष्णतेनं बारीक भाग जाळला होता. शस्त्रक्रिया योग्यच होती. पण तो व्हिडिओ घरोघर गेला आणि जागं राहणं हा पराक्रम होऊन बसला. तेव्हापासून रुग्ण विचारतात, मला काय वाजवायला लावणार? काही जण तर आपण तेवढे धीट नाही म्हणून शस्त्रक्रियाच टाळतात. पार्किन्सनच्या रुग्णाला कसलंही धैर्य दाखवायची गरज नाही. कंप बघण्यासाठी त्याची जाग हवी होती, कारण तारेची जागा ठरवायला दुसरं खात्रीचं साधन नव्हतं.

आज ते साधन आहे. चांगल्या एमआरआयवर सबथॅलॅमिक केंद्रक डोळ्यांनी दिसतं. त्यामुळे पूर्ण भूल देऊन, चित्रांच्या आधारानं तार बसवणारी केंद्रं वाढत आहेत. ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी ११० रुग्ण घेऊन दोन्ही पद्धतींची तुलना केली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विचारशक्ती, मनःस्थिती, वागणूक यांवर होणाऱ्या परिणामांत फरक आढळला नाही, हालचालींची सुधारणाही सारखीच. झोपवलेल्यांची शस्त्रक्रिया थोडी लवकर आटोपली आणि त्यांना तिचा त्रास कमी वाटला. डिस्टोनिया, म्हणजे अंग वळत-आखडत जाण्याचा आजार, असलेल्या लहान मुलांना तर पहिल्यापासून पूर्ण भूलच देतात. मी स्वतः जागेपणीच्या शस्त्रक्रियेत रमणारी आहे, तरी सांगते की ही पद्धत हळूहळू मागे पडेल आणि पडली तर रडायचं कारण नाही. तोवर निवड करायची वेळ आली तर पद्धत निवडू नका, चमू निवडा. ज्या चमूचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे त्या पद्धतीनंच त्यांना करू द्या. खूप घाबरणारा, पाठदुखीनं आडवं पडू न शकणारा, गोळीशिवाय श्वासाला जड जाणारा रुग्ण असेल तर पूर्ण भुलीचा आग्रह मी स्वतः धरते. आणि बॅटरी बसवण्याचा टप्पा बहुतेक ठिकाणी पूर्ण भुलीतच होतो. मानेच्या कातडीखालून तार ओढणं कुणालाही जागेपणी सोसणार नाही.

खर्च आठ-दहा लाखांच्या पुढे जातो, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, चार्ज होणारी असेल तर ती बरीच जास्त टिकते. त्यामुळे इथल्या बहुतेक शुभार्थींच्या वाट्याला ही शस्त्रक्रिया येणार नाही. पण मोतीबिंदू येईल, हर्निया येईल, प्रोस्टेट येईल, आणि पडून खुब्याचं हाड मोडणं तर या आजारात नेहमीचंच. म्हणून या व्याख्यानातला सगळ्यात उपयोगाचा भाग आता सांगते.

डीबीएससाठी गोळी बंद करतात. इतर कुठल्याही शस्त्रक्रियेसाठी पार्किन्सनची गोळी बंद करायची नसते. सकाळपासून उपाशी राहायला सांगितलं म्हणून घरचे लोक गोळीही देत नाहीत, आणि दुपारी टेबलावर येईपर्यंत माणूस ताठून गेलेला असतो, छाती नीट फुगत नाही, गिळता येत नाही. भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशी विचारा, घोटभर पाण्याबरोबर गोळी द्यायची का. बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असेल. अचानक थांबवलेली गोळी जिवावरही बेतू शकते.

दुसरं, उलटीचं इंजेक्शन. आपल्याकडे वॉर्डात सर्रास दिलं जाणारं पेरिनॉर्म आणि स्टेमेटिल, ही दोन्ही डोपामीनचा मार्ग अडवतात. पार्किन्सनच्या रुग्णाला ती दिली तर तो काही तासांत जागचा हलेनासा होतो. रात्री बडबडतो म्हणून हॅलोपेरिडॉल टोचलं तर तीच गत. पर्याय आहेत, उदाहरणार्थ ऑन्डॅनसेट्रॉन. घाटीच्या सरकारी रुग्णालयात असो की खासगी दवाखान्यात, केसपेपरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘पार्किन्सन’ लिहायला लावा. रात्रपाळीची नर्स तुमची फाइल शेवटपर्यंत वाचत बसणार नाही.

तिसरं, खाजकुइली. अनेक घरांत कवचबीजाचं चूर्ण चालू असतं आणि ते ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून आम्हाला कुणी सांगत नाही. त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं. मुंबईत डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांवर या बियांचा प्रयोग करून १९७८ साली निष्कर्ष छापले होते. म्हणजे चूर्णही गोळीच आहे, फक्त मोजमाप सैल. किती चमचे, किती वाजता, हे भूलतज्ज्ञाला सांगा. सेलेजिलिन किंवा रॅसाजिलिन चालू असेल तर तेही, कारण त्यांच्याबरोबर पेथिडिनसारखी काही वेदनाशामक औषधं घातक ठरतात.

आणि ज्यांच्या छातीत बॅटरी आहे त्यांच्यासाठी शेवटचं. पाठ-मान दुखली की आपण फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शेक घ्यायला जातो. तिथल्या शॉर्टवेव्ह डायथर्मी यंत्राची ऊर्जा तारेतून थेट मेंदूत जाऊन तारेचं टोक तापतं. अमेरिकेत असे रुग्ण दगावल्यानंतर तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं धोक्याचा इशारा काढला. दुसऱ्या कुठल्याही शस्त्रक्रियेआधी बॅटरीबद्दल सांगा, कारण सर्जनच्या कॉटरीचा, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या विजेच्या यंत्राचा, प्रकार बदलावा लागतो. एमआरआय करायचा असेल तर तुमच्या यंत्राला तो चालतो का, हे आधी तपासून घ्यावं लागतं. आर्क वेल्डिंग, स्पॉट वेल्डिंग आणि इंडक्शन भट्टीच्या जवळ उभं राहायचं नाही, कारखान्यात अजून कामाला असाल तर सुपरवायझरला तसं लेखी द्या. बॅटरीसोबत मिळालेलं ओळखपत्र कपाटात ठेवू नका, खिशात ठेवा, आणि कुणी शेक द्यायला यंत्र जवळ आणलं तर आधी ते ओळखपत्र दाखवा.